वरच्या खिडक्या: भायखळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५

काम ठरलं. भायखळा आणि नागपाडा यांच्या मधल्या गल्लीतला जुना धर्मादाय दवाखाना. ट्रस्टला नाव बाहेर नको आहे, म्हणून या वहीत तो नुसता ‘दवाखाना’. तळमजल्यावर डोळ्यांची ओपीडी आणि फिजिओथेरपी चालते. वर एकेकाळी बाळंतिणींचा वॉर्ड होता. आता तिथे मोडक्या खाटा, केसपेपरांचे गठ्ठे आणि तान्ह्या मुलांचा एक वजनकाटा. ट्रस्टला तिथे पुन्हा दहा खाटा टाकायच्या आहेत. कंत्राटदाराने फॉल्स सीलिंग आणि एसीचं अंदाजपत्रक देऊन ठेवलंय. मला विचारलेला प्रश्न एका ओळीचा आहे: छत खाली आणायचं की नाही? मुदत जूनपर्यंत.

मदतीला वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी घेतली आहे. कोल्हापूरची आहे, टेप धरायला कंटाळत नाही आणि न पटलेलं तोंडावर सांगते. दोन्ही गुण उपयोगी पडतील.

११ जानेवारी

मोजमाप. वॉर्ड ६० फूट लांब, २४ फूट रुंद, उंची १७ फूट. लांबीच्या भिंती पूर्वेला आणि पश्चिमेला, प्रत्येकीत दहा खिडक्या, समोरासमोर. प्रत्येक खिडकीच्या वर, छताला जवळजवळ टेकून, दोन फुटी चौकोनी भोक आणि त्याला सागवानी झिलमिली, म्हणजे तिरप्या फळ्यांची झडप. अशी एकूण वीस.

ट्रस्टींना फोनवर म्हटलं, “तुमचे बरेचसे व्हेंटिलेटर बंद आहेत.” पलीकडे एकदम शांतता. मग, “अहो, आपल्याकडे व्हेंटिलेटर नाहीतच! ते मोठ्या हॉस्पिटलात.” करोनानंतर या शब्दाचा अर्थच बदलला. यापुढे लिहिताना झरोका. वॉर्डाच्या मावशी त्यांना ‘वरच्या खिडक्या’ म्हणतात, तेही चालेल.

हिशेब: वीसपैकी पाच झरोके विटा-सिमेंटने कायमचे बुजवलेले, सहांवर प्लायवूड ठोकलेलं, तिघांतून कुठले कुठले पाइप बाहेर काढलेले. चौदा बंद, सहा उघडे.

१३ जानेवारी

खाटांचा जुना नकाशा एका गठ्ठ्यात सापडला. दोन ओळींत बारा-बारा, एकूण चोवीस खाटा. म्हणजे एका खाटेमागे १०२० घनफूट हवा. हा आकडा योगायोगाचा नाही. एका रुग्णामागे हजारावर घनफूट हवा हवी, हा त्या काळच्या इस्पितळ बांधणाऱ्यांचा ठोकताळाच होता. फॉल्स सीलिंग साडेनऊ फुटांवर आलं तर त्याच खाटेमागे ५७० घनफूट उरतात. आणि वीसच्या वीस झरोके छताच्या वर, अंधारात जातात.

कंत्राटदाराच्या कागदावर याला ‘वाया जाणारी उंची’ असं म्हटलंय.

१९ जानेवारी, रविवार

शेजार पाहायला बाहेर. पहिला मान अर्थातच जे. जे.चा. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये देऊ केले, कंपनी सरकारने आपला वाटा घातला, १८४३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज दोन्ही सुरू झाली. कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते.

मला या आवारात इमारतींपेक्षा पाट्या वाचायला आवडतात. इथे प्रत्येक इमारत म्हणजे एकेका घराण्याची देणगी. बाई मोटलीबाईंच्या नावाचं प्रसूतिगृह, सर दिनशा माणेकजी पेटिटांच्या नावाचं स्त्रिया आणि मुलांचं रुग्णालय, कावसजी जहांगीरांच्या नावाचं नेत्र रुग्णालय. एका सरकारी आवारात अख्खी पारशी देणगीदारांची वंशावळ फिरून येते. दगडावर देणाऱ्याचं नाव असतं, गव्हर्नराचं असतं, तारीख असते. पैसा कुठून आला ते नसतं. जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा वाटा चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातला. पुण्याच्या ससूनमागच्या डेव्हिड ससूनचंही तेच. दान खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण हे माहीत असताना दगड वाचणं आणि नसताना वाचणं यात फरक पडतो.

पेटिट इमारतीत आता नर्सिंग कॉलेज आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच इमारतीखाली सुमारे २०० मीटर लांबीचं भुयार सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. पाणी गळतंय म्हणून बघायला गेले आणि फरशीखाली पोकळी लागली. वर्तमानपत्रांनी ‘गुप्त भुयार’ म्हणून रंगवलं. मी आत गेलेले नाही, त्यामुळे हा नुसता अंदाज: जोत्याखालून हवा खेळावी, ओल वर चढू नये म्हणून त्या काळी अशा पोकळ्या ठेवत. गुप्त खलबतांपेक्षा हे कारण मला जास्त पटतं. विद्यार्थिनी नाराज झाली. तिला खलबतं हवी होती.

२ फेब्रुवारी

दवाखान्याची कोनशिला सापडली! ओपीडीच्या सूचनाफलकामागे. ‘चप्पल बाहेर काढा’ आणि ‘केसपेपर दहा वाजेपर्यंत’ यांच्या मागे सव्वाशे वर्षांचा संगमरवर. इंग्रजी आणि गुजराती. गुजराती आम्हां दोघींनाही धड येत नाही; समोरच्या चष्म्याच्या दुकानातले पारशी काका काठी टेकत आले आणि त्यांनी वाचून दाखवलं. एका विधवेने नवऱ्याच्या स्मरणार्थ बांधलेला दवाखाना, साल १८९४. नवऱ्याच्या नावाआधी ‘मरनार’. विद्यार्थिनी दचकली, “मरणार?” काका हसले. पारशी गुजरातीत मरनार म्हणजे आपल्याकडचा कैलासवासी.

त्या विधवेचं स्वतःचं नाव दगडावर आहे, पण नवऱ्यापेक्षा लहान अक्षरात. गवंडी-सुतारांचं नाव कुठे नाही, ते अपेक्षितच.

९ फेब्रुवारी

कामा रुग्णालय. ‘कामाची गल्ली’ म्हटलं की आता लोकांना २६/११ची रात्र आठवते आणि ते साहजिक आहे. पण इमारतीची गोष्ट १८८३ला सुरू होते. बायकांना बायकांनीच तपासावं यासाठी सोराबजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी निधी जमवत होते. पेस्तनजी होर्मसजी कामांनी इमारतीचा खर्च उचलला. नोव्हेंबर १८८३ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते पायाभरणी, १८८६ मध्ये उद्घाटन. आराखडा खान बहादूर मंचेरजी मर्झबान यांचा. पहिल्या प्रमुख डॉक्टर एडिथ पेची. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकू द्या म्हणून भांडलेल्या सात जणींपैकी एक. विलायतेहून शिकून आल्यावर डॉ. रखमाबाईंनीही काही काळ इथेच काम केलं.

मला आज भिडली ती दुसरीच गोष्ट. पाया घातला तो नोव्हेंबर १८८३. त्याच हिवाळ्यात जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्यात पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू ओळखत होता. म्हणजे इकडे आराखडे तयार झाले ते ‘दूषित हवेतून रोग होतो’ या समजुतीवर, आणि जोतं वर येईपर्यंत तिकडे ती समजूत ढासळायला लागली होती. खिडक्या समोरासमोर, वॉर्ड लांबट आणि अरुंद, छत उंच, इमारतीच्या पंखांमध्ये मोकळी जागा, ही सगळी मांडणी फ्लॉरेन्स नाइटिंगेलने हयातभर ज्याचा आग्रह धरला त्या घाटाची. आणि नाइटिंगेलबाईंचा जंतूंवर बराच काळ विश्वास नव्हता. त्यांचा शत्रू म्हणजे कोंदट हवा.

आमच्या दवाखान्याच्या सुताराने १८९४ मध्ये झिलमिली बसवली तीही या चुकीच्या सिद्धान्ताच्या भरवशावर. आता प्रश्न असा, की सिद्धान्त चुकीचा म्हणून झिलमिलीही चुकीची का?

१५ फेब्रुवारी

झरोके का बंद झाले ते मावशींनी पाच मिनिटांत सांगितलं. मी महिनाभर कागद चाळत होते.

“मॅडम, वारा येतो तिथनं कबूतर येतं.”

पंचवीस वर्षं त्या इथे आहेत. आधी एका झिलमिलीची फळी पडली, कबुतरं आत आली, बाळंतिणीच्या खाटेवर घाण पडली, सिस्टर ओरडल्या, प्लायवूड ठोकलं. मग दुसरी फळी. असं करत सहा. सिमेंटचे पाच एका ठेकेदाराने ‘एकदाच काय ते’ म्हणून एका दिवसात बुजवले. यात कुणाचं काय चुकलं? कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसं बिघडतात हे खरंच आहे. उघड्या झरोक्याची बाजू घ्यायची तर आधी या बाईंना उत्तर द्यावं लागेल.

२२ फेब्रुवारी

साफसफाई. कोरडं झाडायचं नाही, आधी पाणी मारून भिजवायचं, मग खरवडायचं. धूळ उडता कामा नये. मास्क, हातमोजे, जुने कपडे. सात गोण्या निघाल्या. विद्यार्थिनीने आईला फोटो पाठवला आणि आईचा लगेच फोन आला, “यासाठी मुंबईला पाठवलं का गं तुला?”

१ मार्च

हवा मोजायची कशी यावर आठवडा गेला. पद्धत सोपी आहे: खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा, पंख्याने ढवळायचा, मग खिडक्या रोजच्यासारख्या उघडून तो किती वेगाने उतरतो ते पाहायचं. जितक्या लवकर उतरेल तितकी हवा बदलतेय. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत अशीच मोजणी झाली होती आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत हवा तासाला ४० वेळा बदलत होती, नंतर बांधलेल्या वॉर्डांत १७ वेळा, यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. क्षयाचा संसर्ग कुठे जास्त पसरेल हा त्यांचा प्रश्न होता. जुन्या इमारतींच्या बाजूचा इतका रोखठोक पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

पहिला प्रयत्न फसला. तीन किलो कोरडा बर्फ बादलीत टाकला, आकडा २००० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) गेला आणि मग उतरेचना. अर्ध्या तासाने कळलं, की आम्ही चौघं मीटरभोवती कोंडाळं करून वाचत बसलो होतो. आमचाच श्वास मोजत होतो.

८ मार्च

मीटर स्टुलावर, माणसं जिन्यात. दुपारी तीन, पश्चिमेचा वारा. खालच्या खिडक्या दोन्ही वेळा सारख्याच उघड्या.

सगळे झरोके बंद: सहा मिनिटांत २००० वरून १२१०. बाहेरची हवा ४३० धरून, तासाला ७ वेळा.

बारा झरोके उघडे (आधीचे सहा आणि प्लायवूड काढलेले सहा): सहा मिनिटांत २००० वरून ८६०. तासाला १३ वेळा.

तीनदा केलं, आकडे थोडे इकडेतिकडे, पण अंतर तेवढंच. जवळपास दुप्पट! मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग, ते काय शोभेला ठेवलेत?”

९ मार्च

सकाळी सहा वाजता पुन्हा, वारा पडलेला असताना. झरोके उघडे असूनही तासाला चारच वेळा. काल रात्री आनंदात अर्धा अहवाल लिहून टाकला होता, तो खोडला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शनात साध्या वॉर्डात एका रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर आणि हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या खोलीत १६० लिटर हवा सांगितली आहे. आमच्या वॉर्डात चोवीस खाटा टाकल्या तर ६०च्या हिशेबाने तासाला साडेसात वेळा हवा बदलायला हवी, १६०च्या हिशेबाने २० वेळा. पहाटेच्या चार वेळांत दोन्ही बसत नाही. पण ट्रस्टला दहाच खाटा हव्यात. दहांना तीनच्या वर पुरतं. म्हणजे साधा वॉर्ड म्हणून चालेल. क्षयाचे किंवा तत्सम रुग्ण इथे ठेवायचे तर पंखे लावून बाहेर हवा ओढावी लागेल, नुसत्या झरोक्यांवर भागणार नाही. हे वाक्य अहवालात ठळक टाकायचं.

१० मार्च

आज सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली. तो दवाखाना कसा होता, त्याला खिडक्या किती होत्या, हे विचारावंसं वाटतं. दगडात बांधलेल्या दानाच्या इमारती आपण जपतो. माळावर उभारलेल्या दवाखान्यांचं काय उरतं?

१६ मार्च

परळ. हाफकिन संस्थेची वास्तू. मुळात पोर्तुगीज काळातला मठ, मग मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी इथेच पटकीने गेली आणि पुढे गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. प्लेगात इथे इस्पितळ झालं आणि १८९९ पासून प्लेग संशोधन प्रयोगशाळा. राजवाड्याची प्रयोगशाळा होणं, हे या शहरात वास्तूच्या वापरबदलाचं माझ्या मते सगळ्यात देखणं उदाहरण.

प्लेगची लस तयार करणारे हाफकिन स्वतः आधी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत काम करत होते. हाताशी एक कारकून आणि तीन मदतनीस. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग ओळखला, ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना. तो तुरुंग आमच्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

याच काळात बाहेर काय चाललं होतं? घरांवर ‘राहण्यास अयोग्य’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं रंगवत होते, कौलं काढून छतांना भोकं पाडत होते, ऊन आणि हवा आत यावी म्हणून. हवा हाच शत्रू आणि हवा हेच औषध.

आणि या परळच्या प्रयोगशाळेतच त्या समजुतीचा निकाल लागला. १९०५ नंतर प्लेग आयोगाने गिनिपिगांचे पिंजरे प्लेगग्रस्त खोल्यांत ठेवले. काही जमिनीवर, काही दोन फूट वर टांगून. खालच्यांना लागण झाली, टांगलेले वाचले. हवा दोघांचीही तीच होती. फरक एवढाच, की उंदरांवरच्या पिसवा तेवढं उडू शकत नाहीत. इतका साधा, इतका निर्दयपणे स्वच्छ प्रयोग. विद्यार्थिनी घरी येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “ताई, म्हणजे त्यांनी छतं उगाच फोडली?”

प्लेगपुरतं उगाचच. क्षयासाठी नाही. सिद्धान्त एका रोगाला लागू पडला नाही म्हणून खिडकी वाया गेली असं होत नाही. गेल्या महिन्यातल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

२९ मार्च

खालच्या भिंतींना तीन फुटांपर्यंत लोणा आहे. दोष सिमेंटच्या गिलाव्याचा. जुनी भिंत चुन्यात बांधलेली, ओल तिच्यातून बाहेर पडायची. वरून सिमेंट थापल्यावर ती कोंडली आणि मीठ घेऊन वर चढायला लागली. भिंतीलाही श्वास लागतो, असं म्हणायचा मोह होतो. पण ते वाक्य प्रत्येक संवर्धनवाला म्हणतो, म्हणून नको.

गिलावा उतरवून चुन्याचा द्यायचा. गूळ घालावा की नाही यावर गवंड्याशी अर्धा तास वाद. तो घालणारच, मी बघितलं नाही असं समजायचं.

६ एप्रिल

वडाळा. अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय, १८९० चं. त्या वेळी नाव होतं ‘बेघर महारोग्यांचा आश्रम’ अशा अर्थाचं. स्थापना करणारे महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ. हेच ते, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. दिवसा शहराची गटारं आणि महारोगी, संध्याकाळी तानाजीचा पोवाडा! मराठी वाचकाला अ‍ॅकवर्थ पोवाड्यांमुळे माहीत, वडाळ्याच्या रिक्षावाल्याला इस्पितळामुळे. दोघांना एकच माणूस माहीत आहे हे दोघांनाही माहीत नाही.

इथल्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतून गॅस धरून तो दिव्यांसाठी वापरला गेला. देशातल्या अशा सुरुवातीच्या प्रयोगांत त्याचं नाव घेतात. ज्या दुर्गंधीला लोक रोगाचं मूळ समजत होते तीच नळीत घालून जाळली.

इथल्या जुन्या नोंदी आणि वस्तूंचं एक संग्रहालय आवारात आहे. मला तिथे अस्वस्थ व्हायला झालं. जे. जे. आणि कामाच्या खिडक्या रुग्णाला बरं करून घरी पाठवण्यासाठी होत्या. इथल्या कुंपणाचा उद्देश लोकांना शहरापासून वेगळं ठेवण्याचा. दोन्हींवर शब्द एकच: धर्मादाय.

२० एप्रिल

उकाडा. काही लिहिण्यासारखं नाही. जाळीचे नमुने मागवलेत.

४ मे

जाळीची चाचणी. मच्छरांची बारीक जाळी बसवली तर हवा बरीच अडते आणि दोन आठवड्यांत धुळीने भरते. अर्ध्या इंचाची चौकोनी जाळी लावली तर कबूतर अडतं, हवा जवळजवळ तेवढीच येते. मच्छर मात्र येणार. सिस्टर म्हणाल्या, खाटांना मच्छरदाण्या लावू, पूर्वी होत्याच. झिलमिलीच्या आतून जाळी, बिजागरीवर उघडणारी, म्हणजे आतून झाडता येईल. सुताराने नमुना केला. उघडताना करकर वाजतो, पण उघडतो.

सहा प्लायवूडचे आणि सहा आधीचे असे बारा झरोके जाळीसह चालू करायचे. पाइपवाले तीन तूर्त तसेच. सिमेंटचे पाच फोडायचे की नाही यावर निर्णय नाही. विटा काढताना वरची जुनी कमान हलेल अशी भीती.

२६ मे

पाऊस आला! सव्वीस मेलाच. मुंबईत नोंदलेल्यांपैकी सगळ्यात लवकरचं आगमन. आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या हिशेबात निवांत होतो. छतावरची वीसेक मंगलोरी कौलं बदलायला काढलेली होती. ताडपत्री शोधायला धावपळ, एक गठ्ठा केसपेपर भिजला. चूक माझी, कौलं उघडी ठेवून घरी गेले होते.

संध्याकाळी पाऊस थोडा कमी झाल्यावर एक गोष्ट दिसली. उघडे झरोके आतून कोरडे. पागोळ्या तीन फूट बाहेर आहेत आणि झरोक्याच्या तळाच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार आहे, पाणी आत येतच नाही. उलट सिमेंटने बुजवलेल्या पाचांभोवती ओलीचे डाग. विटा आणि जुनी चौकट यांच्या फटीत पाणी अडकून बसतंय. बंद केलं म्हणजे कोरडं राहील, हा हिशेब इथे उलटा पडला. कमानीचं बघून घेऊ, पण हे पाच फोडावेच लागणार.

१४ जून, शनिवार

ट्रस्टची सभा. मी आकडे मांडले, ७ आणि १३, आणि पहाटेचे चारही. लपवून उपयोग नव्हता. कंत्राटदाराचं म्हणणंही चुकीचं नव्हतं: मे महिन्यात वॉर्डात बसवत नाही. त्यावर उत्तर पंख्यांचं आहे, कौलांखाली उष्णतारोधक थर देण्याचं आहे. छत खाली आणण्याचं नाही.

ठरलं ते असं: वॉर्डाला फॉल्स सीलिंग नाही. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या खोलीला आणि औषधांच्या खोलीला एसी, तिथे झरोके बंदच. शस्त्रक्रियेच्या खोलीत गाळलेली हवा लागते, तिथे १८९४ चा हट्ट धरण्यात अर्थ नाही. एका ट्रस्टींचा आग्रह, की ‘जीर्णोद्धार’ म्हणून ट्रस्टींच्या नावांचा नवा संगमरवरी फलक दर्शनी भागी हवा. दुसरे म्हणाले, आधी जुना सूचनाफलकामागून बाहेर काढा. फलकाचा विषय पुढच्या सभेत.

२८ जून

बारा झरोके चालू. सिमेंटच्या पाचांपैकी एक पावसाच्या उघडिपीत फोडला, कमान शाबूत आहे. उरलेले चार पावसाळ्यानंतर.

हस्तांतराचं कागदपत्र करत होतो. देखभालीचा तक्ता: जाळ्या दर तीन महिन्यांनी आतून झाडायच्या, ओल्या फडक्याने, झिलमिलीला वर्षातून एकदा तेल, बिजागऱ्या बघायच्या. शेवटचा रकाना ‘जबाबदारी’. तिथे नुसतं ‘ट्रस्ट’ लिहिलं तर काम होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी मावशींना विचारलं, तुमचं नाव घालू का?

मावशींनी कागद हातात घेऊन बघितला. “नको. मी मार्चमध्ये रिटायर. ‘सफाई कामगार, सकाळपाळी’ असं लिहा. म्हणजे कोणीही आलं तरी करील.”

तसं लिहिलं.